इन्फ्लुएंझाची साथ आणि रुग्णालयातली माणसं

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे इन्फ्लुएंझाच्या जागतिक साथीसाठी रुग्णालयांनी करायची तयारी. शब्द सरकारी परिपत्रकातले वाटतात, आणि पुष्कळदा ते तिथेच राहतात. तयारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खाटा येतात, ऑक्सिजनची नळकांडी येतात, व्हेंटिलेटर येतात. वर्तमानपत्रांतही आकडे छापून येतात ते याच वस्तूंचे. आज आपण वेगळा आकडा शोधणार आहोत. त्या खाटेजवळ उभं राहणारी माणसं किती होती, त्यातली किती आजारी पडली, आणि का पडली? हा आकडा जुन्या कागदपत्रांत सहजी सापडत नाही. तो का सापडत नाही, हाही आपल्या विषयाचाच भाग आहे.

सुरुवात मुंबईपासून करू. 1918 सालचा मे महिना संपत आला होता आणि महायुद्ध चालू होतं. बंदरात सैनिकांची ने-आण करणारी जहाजं सतत येत होती. 10 जूनला पोलिसांच्या रुग्णालयात सात शिपाई तापाने दाखल झाले. त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. ताप हिवतापाचा नव्हता. पुढच्या दहा-पंधरा दिवसांत जहाज कंपन्यांचे कारकून, पोर्ट ट्रस्टचे कामगार, बँकेतले, टांकसाळीतले, गिरणीतले लोक अंथरुणाला खिळले. मुंबई नगरपालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांनी ही साथ रात्री येणाऱ्या चोरासारखी आली, अशा अर्थाचं लिहून ठेवलं आहे. जूनमधली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट आली, आणि 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी मुंबई शहरात 768 माणसं दगावली. देशभरातल्या मृतांचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या पुढेपर्यंत जातात.

आता यात रुग्णालय कुठे होतं? खरं सांगायचं तर फारसं कुठेच नव्हतं. बरेच डॉक्टर युद्धावर गेले होते. आणि औषध तर नव्हतंच. हा आजार एका विषाणूमुळे होतो हेसुद्धा तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. बहुतेक डॉक्टर एका जिवाणूला दोष देत होते. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढला गेला तो 1933 मध्ये, लंडनला. (गंमत अशी की त्या तीन संशोधकांपैकी विल्सन स्मिथ हे स्वतःच फ्लूने आजारी पडले आणि त्यांच्यापासून मिळालेल्या विषाणूला त्यांच्याच आद्याक्षरांवरून ‘डब्ल्यूएस’ असं नाव पडलं. म्हणजे या विषाणूच्या शास्त्राची सुरुवातच कामावरच्या माणसाच्या आजारपणाने झाली.)

औषध नाही म्हटल्यावर उरते ती शुश्रूषा. वेळेवर पाणी पाजणं, पेज भरवणं, अंगावर पांघरूण घालणं, कूस बदलणं, ओले कपडे काढणं. 1918 साली जे रुग्ण वाचले, त्यातल्या अनेकांना कुणीतरी एवढं केलं म्हणून ते वाचले. घरातली सगळीच माणसं एकदम झोपली, तर पाणी द्यायलाही कुणी उरत नसे. मुंबईत स्वयंसेवी मंडळी या कामाला पुढे आली, ना. म. जोशींनी काढलेली सोशल सर्व्हिस लीग त्यांत होती. आणि लक्षात घ्या, या साथीचा सगळ्यात क्रूर विशेष असा होता की ती म्हाताऱ्याकोताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस या वयाच्या लोकांना जास्त मारत होती. परिचारिका, शिकाऊ डॉक्टर, वॉर्डातले नोकर, स्वयंसेवक यांचं वय नेमकं तेच. म्हणजे त्या काळी जे एकमेव औषध होतं, ती शुश्रूषा करणारी माणसंच या आजाराच्या तडाख्यात सर्वांत आधी सापडत होती.

मुंबईच्या मृत्यूंची जातवार आणि धर्मवार आकडेवारी मात्र ठेवली गेली. युरोपियनांमध्ये हजारी साधारण आठ मृत्यू, पारशांमध्ये नऊ, आणि ज्यांना त्या तक्त्यात खालच्या जातींचे हिंदू म्हटलं आहे त्यांच्यात हजारी एकसष्ट. रुग्णालयातली झाडझूड, मैला, प्रेतं उचलणं ही कामं कोण करत होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. त्या एकसष्टांत रुग्णालयातले किती, हे मात्र तक्ता सांगत नाही.

आता आपण बावीस वर्षं मागे जाऊ, कारण 1918 मधली लोकांची रुग्णालयाबद्दलची धास्ती आणि सरकारचा कायदा, दोन्ही 1896 च्या प्लेगमधून आलेली आहेत. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. महिन्याभरात सक्तीने रुग्णालयात नेणं सुरू झालं. तिथून माणूस परत येत नाही, अशी बोलवा उठली. 29 ऑक्टोबरला सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. हेच रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून आपल्या ओळखीचं आहे. आतल्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने विचार करून पाहा. वॉर्डात प्लेग आणि फाटकाबाहेर जमाव.

त्यानंतर फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. अगदी छोटा, मोजक्या कलमांचा. त्याचं चौथं कलम असं की, या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कुणावर दावा लावता येणार नाही. म्हणजे संरक्षण होतं, पण ते कोर्टापासूनचं, आणि त्याचा उपयोग घरात शिरणाऱ्या अधिकाऱ्याला. आजारापासून किंवा जमावापासून कर्मचाऱ्याला वाचवण्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. त्याच साली 10 मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या, आणि त्यातूनच त्यांना लागण झाली. आपण त्यांच्या मृत्यूकडे त्याग म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या मते त्याच्याच शेजारी आणखी एक शब्द लिहायला हवा. ती कामावर झालेली लागण होती. त्याग म्हटलं की आपण हात जोडतो. लागण म्हटलं की ती कशी झाली आणि कशी टळली असती हे विचारावं लागतं.

हा प्रश्न नीट विचारला गेला तो मांचुरियात. 1910 च्या डिसेंबरात हार्बिन शहरात फुप्फुसाचा प्लेग पसरला होता. हा प्लेग उंदरा-पिसवांवाचून, खोकल्यातून, माणसाकडून माणसाकडे जात होता. पेनांगला जन्मलेले आणि केंब्रिजला शिकलेले डॉ. वू लिएन-तेह तिथे पोचले. त्यांनी जाळीदार कापडाच्या थरांमध्ये कापूस घालून एक साधा मास्क बनवला आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना तो बांधायला सांगितलं. मेस्नी नावाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांना हे पटलं नाही. ते मास्कशिवाय रुग्ण तपासायला गेले आणि जानेवारी 1911 मध्ये प्लेगनेच वारले. त्यानंतर हार्बिनमध्ये मास्कवर वाद घालायला कुणी उरलं नाही.

ही गोष्ट अलीकडे बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. तिचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. वू यांनी साथ संपल्यावर कर्मचाऱ्यांचा हिशेब मांडला. जवळपास तीन हजार लोक कामाला होते, त्यातले सुमारे तीनशे मेले. आणि हा हिशेब त्यांनी कामाप्रमाणे लावला. डॉक्टर किती, विद्यार्थी किती, स्वयंपाकी किती, हमाल किती, पोलीस किती, रुग्ण वाहून नेणाऱ्या गाड्यांवरचे किती. सगळ्यात जास्त मेले ते गाड्यांवरचे लोक, जवळजवळ निम्मे. हमालही पुष्कळ मेले. आधुनिक शिक्षण घेतलेले डॉक्टर फारच थोडे मेले. ज्याला आजार कळत होता तो वाचला, आणि ज्याला नुसतं उचल म्हणून सांगितलं जात होतं तो गेला. संरक्षण कुणाला आधी द्यायचं, याचं उत्तर या तक्त्यात उघड आहे. पण पुढची शंभर वर्षं रुग्णालयांनी ते वरून खाली, म्हणजे पदाच्या क्रमानेच दिलं.

इथून आपण थेट 2003 मध्ये येतो. आजार सार्स, म्हणजे इन्फ्लुएंझा नव्हे. पण आज जगभरच्या रुग्णालयांकडे फ्लूच्या साथीचे जे आराखडे आहेत, त्यांच्यावर सार्सची छाप इतकी आहे की तिला वगळून हा विषय सांगता येत नाही.

7 मार्च 2003. कॅनडात एकाच दिवशी दोन शहरांत दोन रुग्ण रुग्णालयात आले. दोघांचाही संबंध हाँगकाँगच्या एकाच हॉटेलशी होता. एक तिथे राहून आला होता आणि दुसऱ्याची आई राहून आली होती. व्हँकुव्हरला आलेल्या रुग्णाला काही मिनिटांत वेगळ्या खोलीत हलवलं गेलं आणि जवळ जाणाऱ्यांनी एन-95 मास्क चढवले. हे कसं जमलं? तर फेब्रुवारीत हाँगकाँगमध्ये बर्ड फ्लूचे रुग्ण सापडले होते, आणि त्या भागातून आलेला तापाचा रुग्ण दिसला तर सावध व्हा, असा निरोप त्या प्रांताच्या साथरोग केंद्राने आधीच धाडला होता. तयारी फ्लूची होती, ती कामी आली सार्सला. टोरांटोला, स्कारबरो ग्रेस रुग्णालयात, दुसरा रुग्ण आपत्कालीन विभागाच्या उघड्या कक्षात, शेजाऱ्यापासून फक्त पडद्याच्या अंतरावर, रात्रभर पडून होता. त्याला वाफेतून औषध दिलं जात होतं, म्हणजे श्वासातले थेंब हवेत आणखी पसरत होते. शेजारच्या खाटेवरच्यांना लागण झाली, मग परिचारिकांना, मग त्यांच्या घरच्यांना. कॅनडात या आजाराने 44 माणसं गेली. ओंटारिओतल्या रुग्णांपैकी सुमारे 72 टक्क्यांना लागण झाली ती आरोग्यसेवेच्याच ठिकाणी. दोन परिचारिका आणि एक डॉक्टर मृत्युमुखी पडले.

पुढे न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांचा चौकशी आयोग बसला. त्या रुग्णालयातल्या लोकांवर त्यांनी ठपका ठेवला नाही. हे प्रांतातल्या कुठल्याही रुग्णालयात घडू शकलं असतं, असं त्यांचं म्हणणं. पण मे महिन्यात जे घडलं त्याबद्दल अहवाल बराच कडक आहे. साथ संपली असं जाहीर झालं, खबरदारी सैल झाली, आणि त्याच सुमारास शहरातल्या दुसऱ्या एका रुग्णालयात परिचारिका सांगू लागल्या की वॉर्डात पुन्हा तसलेच रुग्ण दिसताहेत. त्यांचं ऐकलं गेलं नाही. मग दुसरी लाट आली. कॅम्पबेल यांनी 2007 मध्ये जे तत्त्व मांडलं ते असं: आजार हवेतून पसरतो की नुसत्या थेंबांतून, याचा शास्त्रीय निकाल लागेपर्यंत कर्मचाऱ्याचं संरक्षण थांबवून ठेवू नये. आधी संरक्षण द्यावं, मग वाद घालावा.

दोनच वर्षांत त्याची परीक्षा झाली. एप्रिल 2009 मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत नवा एच1एन1 सापडला. 11 जूनला जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली. भारतात पहिला रुग्ण 16 मे रोजी हैदराबादला सापडला होता. आणि 3 ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू झाला तो पुण्यात, चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा.

त्यानंतरचे दोन आठवडे पुणेकरांना चांगले आठवत असतील. शाळा बंद, चित्रपटगृहं बंद, प्रत्येकाच्या तोंडावर रुमाल नाहीतर स्कार्फ. औषधाच्या दुकानांतून मास्क गायब. आणि डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयासमोर रांग. आमच्या मते ती रांग हाच 2009 चा सर्वांत मोठा धडा. कारण त्या रांगेत खरोखर ताप आलेला माणूस आणि पेपर वाचून धास्तावलेला निरोगी माणूस खांद्याला खांदा लावून तासन् तास उभे होते. फ्लू ज्याला नव्हता त्याला तो तिथे मिळण्याची सोयच होती म्हणा ना.

आता कुठल्याही सरकारी दवाखान्यात अशा रांगेला सर्वात आधी सामोरं कोण जातं? डॉक्टर जात नाहीत. फाटकावरचा रखवालदार जातो. मग केसपेपर काढणारा खिडकीतला कारकून. मग ‘बसा हो, नंबर येईल’ म्हणणारे वॉर्डातले मामा, रुग्णाला हाताला धरून नेणाऱ्या मावशी. डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर रुग्ण चार-पाच जणांच्या तोंडावर खोकून आलेला असतो. आणि मास्कची पेटी फोडली जाते ती डॉक्टरांच्या खोलीत. हार्बिनचा तो तक्ता आठवून पाहा.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात गेलेल्यांमध्ये एक डॉक्टर होते आणि एक औषधनिर्माता होते, दोघंही ऐन उमेदीच्या वयाचे. त्यानंतर काही गोष्टी झपाट्याने बदलल्या. तपासणी एकाच ठिकाणी न ठेवता शहरभर केंद्रं उघडली. खासगी रुग्णालयांना रुग्ण घेण्याची मुभा मिळाली. केंद्र सरकारने रुग्णांचे अ, ब, क असे गट केले. ‘अ’ म्हणजे साधा ताप-खोकला, त्याने घरी थांबावं, चाचणी नको. ‘ब’ म्हणजे ज्यांना धोका जास्त, त्यांना ऑसेल्टामिवीर, पण तेही घरीच. ‘क’ म्हणजे दम लागलेला वगैरे, त्याची चाचणी आणि भरती. अनेकांना तेव्हा वाटलं की चाचण्या टाळण्यासाठी ही युक्ती काढली. आम्हांला तसं वाटत नाही. ज्याला रुग्णालयाची गरज नाही त्याला दारापासून दूर ठेवणं, हे कर्मचाऱ्याचं कुठल्याही मास्कइतकंच मोठं संरक्षण आहे, आणि त्याला खर्च काही येत नाही.

मास्कबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण प्रश्नोत्तरांत तो विषय निघतोच. एन-95 की साधा शस्त्रक्रियेचा मास्क? 2009 मध्येच ओंटारिओतल्या 446 परिचारिकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्लूची लागण साधा मास्क वापरणाऱ्यांत 23.6 टक्के आणि एन-95 वापरणाऱ्यांत 22.9 टक्के. म्हणजे जवळजवळ सारखीच. मग एन-95 वर पैसे कशाला घालवायचे, असं काहींनी म्हटलं. पण त्या आकड्याकडे दुसऱ्या बाजूने पाहा: मास्क कुठलाही असो, एका हंगामात चारातल्या जवळपास एकीला लागण झालीच. यातली काही घरून, बसमधून आली असणार. परिचारिका काही चोवीस तास वॉर्डात नसते. शिवाय एन-95 नाकाच्या दांड्याशी आणि हनुवटीखाली घट्ट बसला नाही, तर बाजूने हवा शिरते आणि तो नुसता महागडा साधा मास्क होतो. दाढी असेल तर बसतच नाही. तो कसा चढवायचा हे दहा मिनिटांत शिकवता येतं. पण कसा उतरवायचा हे शिकवायला वेळ लागतो, कारण पाळी संपलेली असते, माणूस दमलेला असतो, घाम आलेला असतो, आणि त्याच क्षणी हात तोंडाकडे जातो.

हवेचंही तसंच. साथीच्या रुग्णांसाठी शंभर वर्षांपूर्वी बांधलेली रुग्णालयं पाहिलीत तर उंच छत, समोरासमोर खिडक्या, वॉर्डांमध्ये मोकळी जागा. ते बांधणारे विषाणू ओळखत नव्हते, पण कोंडलेल्या हवेला घाबरत होते. आपण नंतर बंद काचा आणि मध्यवर्ती वातानुकूलन आणलं, आणि साथ आली की खिडक्या उघडता येत नाहीत म्हणून अडलो.

लशीचा अनुभव तर विचार करायला लावणारा आहे. 2010 च्या सुरुवातीला परदेशातून आलेली एच1एन1 ची लस भारतात प्रथम आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ठेवली गेली. त्यातल्या बऱ्याच जणांनी ती घेतलीच नाही. त्याच वर्षी जुलैत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची लस बाजारात आली. पण तोवर भीती ओसरली होती. लस टाळणाऱ्या परिचारिकेला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तिला विचारलं तर ती सांगेल की दुष्परिणाम झाला तर रजा कोण देणार? कंत्राटी मावशींना तर आजारपणाची भरपगारी रजाच नसते. ताप आला तरी त्या कामावर येतात, नाहीतर रोज बुडतो. मग त्यांच्याकडून रुग्णाला फ्लू जातो. साथीच्या तयारीच्या यादीत भरपगारी रजा आम्हांला अजून कुठे पहिल्या पानावर दिसलेली नाही. ती व्हेंटिलेटरच्याही आधी यायला हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शेवटी कायद्याकडे परत येऊ. 2020 मध्ये करोना आला तेव्हा देशात तोच 1897 चा साथरोग कायदा लागू होता. तपासणीला गेलेल्या पथकांवर हल्ले झाले, डॉक्टर-परिचारिकांना घरमालक घर सोडा म्हणाले. 22 एप्रिल 2020 रोजी वटहुकूम निघाला आणि आरोग्य कर्मचाऱ्यावरील हिंसा हा अजामीनपात्र गुन्हा ठरला, गंभीर इजेला सात वर्षांपर्यंत शिक्षा. आर्थर रोडच्या हल्ल्याला तोवर 123 वर्षं उलटून गेली होती. त्याच्या महिनाभर आधी केंद्राने सुमारे 22 लाख आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचा विमा जाहीर केला होता. त्यात आशा कार्यकर्त्या, सफाई कामगार, कंत्राटी आणि रोजंदारीवरचे लोकही धरले होते. हे महत्त्वाचं पाऊल होतं, ते मान्य करायला हवं.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेत प्रश्न आला की करोनाने किती आरोग्य कर्मचारी मरण पावले. उत्तर मिळालं की आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने केंद्राच्या पातळीवर अशी माहिती ठेवली जात नाही. इंडियन मेडिकल असोसिएशनने मग स्वतःची यादी प्रसिद्ध केली, 382 नावांची. त्या यादीत फक्त डॉक्टर होते. 1911 साली हार्बिनमध्ये स्वयंपाकी आणि गाडीवानसुद्धा वेगळे मोजले होते.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.